गाण्याच्या चित्रीकरणासाठी गिंबल की खांद्यावरचा कॅमेरा?

हाताशी पैसे एकाच साधनापुरते असतील, तर चांगला गिंबल (मोटारींनी कॅमेरा स्थिर ठेवणारी हातातली दांडी) घ्यावा की खांद्यावर टेकवायचा रिग घेऊन हातानेच चित्रीकरण करावे, हा प्रश्न कोकणात गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी येतोच. दोन्हींवर काम केल्यावर माझा कल एका बाजूला झुकला आहे. त्यामागचे कारण मात्र वजन किंवा किंमत हे नाही.

गिंबलचे श्रेय आधी देतो. नायिका ओल्या वाळूवरून चालत येते आहे आणि कॅमेरा तिच्यासमोर मागे सरकतो आहे, असा संथ शॉट हाताने तितका देखणा येत नाही. त्यातही गाणे दुप्पट वेगाने वाजवून सेकंदाला ५० फ्रेमने चित्रित केले आणि संकलनात २५वर आणले, तर ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पदर मात्र संथपणे लहरत राहतो. अशा ठिकाणी गिंबलच शोभतो. तरी त्याच्या तीन मोटारी कॅमेऱ्याचे वळणे-झुकणे सावरतात, पावलागणिक होणारी वरखाली हालचाल नव्हे. जांभ्याच्या पाखाडीवरून उतरताना ती गुडघ्यांनीच झेलावी लागते. गॅरेट ब्राउन यांच्या १९७०च्या दशकातल्या स्टेडीकॅमला, म्हणजे अंगावर बांधून कॅमेरा स्थिर ठेवण्याच्या साधनाला, त्यासाठी स्प्रिंगचा हात होता. आपल्या साध्या गिंबलला तो नसतो.

माझा निर्णय झाला तो जाखडी या कोकणातल्या लोकनृत्याच्या गाण्यामुळे. मध्ये वादक बसलेले, भोवती नाचणाऱ्यांचा फेर, आणि मला हवे होते ते इतकेच, की मृदंगाच्या थापेसरशी कॅमेरा वादकाच्या बोटांवरून नाचणाऱ्याच्या पायातल्या चाळांवर यावा. गिंबल मनगटाच्या मागून येतो. मी थापेवर वळलो तरी चौकट थापेनंतर पोहोचते, आणि तोवर पाय पुन्हा उचललेला असतो. फॉलोचा, म्हणजे हातामागून वळण्याचा, वेग वाढवला, आणि डेडबँड, म्हणजे हात जितका हलेपर्यंत गिंबल दाद देत नाही ती मोकळीक, कमी केला. तेव्हा कॅमेरा वेळेवर येऊ लागला, पण थांबताना हिसका देऊ लागला, म्हणजे गिंबल लावण्याचे प्रयोजनच उरले नाही. संकलनात कट पुढेमागे करून ठोका जुळवता येतो, हे मान्य. पण एकाच शॉटमधल्या हालचालीची सुरुवात आणि शेवट, दोन्ही ठोक्यावर बसायला हवे असतील, तर तेवढ्याने भागत नाही. खांद्यावरच्या कॅमेऱ्याला ही अडचण नाही, कारण शरीराने ताल पकडला की कॅमेऱ्यानेही तो पकडलेला असतो.

अर्थात खांद्यावरचे काम निर्दोष नाही. कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणावर विसंबून रुंद लेन्स लावली, तर चौकटीचे कोपरे डुलतात. फार झपाट्याने वळल्यास मागच्या पोफळी तिरक्या दिसतात, आणि संकलनात थरथर काढायला गेल्यास चौकट कापली जाते. पाठीचे हाल वेगळेच.

आपली गाणी मुख्यतः संथ आणि प्रेमाची असतील, तर कदाचित गिंबलच आपल्याला अधिक मानवेल. कोळीगीते, शिमग्याची, ढोलाची गाणी करायची असतील, तर मी रिग विकत घेईन आणि गिंबल लागेल तेव्हा भाड्याने आणीन. भाड्याने आणल्यास त्याचे शॉट सकाळीच उरकावेत. दुपारनंतर खारे वारे वाढले, की उघड्या पुळणीवर त्याच्या मोटारी वाऱ्याशी झुंजू लागतात आणि स्थिर चौकटीतही बारीक कंप उतरतो.