आयएलटीएसच्या शब्दांसाठी ॲन्की : आठ महिने रोज वापरल्यानंतर

मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, राहायला सांगलीत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढचं नर्सिंग इंग्रजीतून, नोकरीला अकरा वर्षं झाली. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची ठरवली, तेव्हा इंग्रजीची अट समजली. आयएलटीएस ॲकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेने जायचं तर लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग या तिन्हींत 7 आणि रायटिंगमध्ये 6.5 बँड, म्हणजे गुण, हवा. गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा परीक्षा दिली. लिसनिंग 6.5, रीडिंग 6, स्पीकिंग 6.5, रायटिंग 6. चारही ठिकाणी थोडक्यात हुकलं.

त्या वेळी मी एका क्लासला जात होते. तिथे तीन हजार शब्दांची पीडीएफ मिळाली होती, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ. रोज पन्नास शब्द पाठ करायचे. मी प्रामाणिकपणे केले. त्यात 'प्लेथोरा' होता, अर्थ दिला होता 'पुष्कळ'. परीक्षेच्या निबंधात मी लिहिलं की आमच्या जिल्ह्यात हॉस्पिटल्सचा प्लेथोरा आहे. मला म्हणायचं होतं की सोय चांगली आहे. वाचणाऱ्याला कळणार की गरजेपेक्षा फाजील झाली आहेत. वॉर्डात नवजात बाळ लालबुंद दिसलं की डॉक्टर 'प्लेथोरिक' म्हणतात, रक्त प्रमाणाबाहेर जास्त आहे या अर्थाने. तो अर्थ मी अकरा वर्षं ऐकत होते, पण यादीतल्या शब्दाशी तो कधी जोडलाच गेला नाही. शब्द पाठ होता आणि तरी माहीत नव्हता. तेव्हाच ती पीडीएफ बंद केली आणि जूनमध्ये ॲन्की सुरू केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ॲन्की हे फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर आहे, 2006 पासूनचं. कार्ड उलटल्यावर अगेन, हार्ड, गुड, ईझी यांतलं एक बटण आपण दाबायचं, आणि त्यावरून ते कार्ड उद्या येणार की महिन्याने हे ठरतं. विसरायच्या बेताला आलं की पुन्हा समोर, एवढंच त्याचं काम. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनला एकदाच पैसे भरावे लागतात. दिसायला अगदी साधं आहे. सेटिंग्ज समजून घ्यायला मला दोन रविवार लागले, तेवढा वेळ द्यायची तयारी ठेवा.

पहिल्या महिन्यात मी दोन चुका केल्या. एक म्हणजे कुणीतरी बनवलेला तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवून घेतला. त्यात पुन्हा तेच, शब्द आणि समोर अर्थ. दुसरी म्हणजे रोजची नवीन कार्डं मुळात असतात तशी वीसच ठेवली. वीस नवीन म्हणजे काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशेच्या वर जाते. ड्यूटी, घर आणि दीडशे कार्डं हे जमत नाही. जुलैत सगळं पुसून आठ नवीन कार्डांवर आले आणि ती स्वतः बनवायची ठरवली. आज डेकमध्ये 1,140 कार्डं आहेत. रोजचा वेळ वीस-पंचवीस मिनिटं, बहुतेक सांगली-मिरज बसमध्येच होऊन जातो.

शब्द कुठून घ्यायचे, हा खरा प्रश्न. मला सगळ्यात उपयोगी पडली ती ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली ती प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान अशा चारही शाखांतला सुमारे 35 लाख शब्दांचा मजकूर तपासून, सगळीकडे सारखी येणारी 570 शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं, त्यांनी निवडली. अगदी रोजचे दोन हजार शब्द आधीच वगळलेले. म्हणून यादीत 'प्लेथोरा'सारखं काही नाही. 'असेस', 'कन्सिस्टंट', 'सिग्निफिकंट' असे शब्द आहेत. वाचताना वाटतं, हे तर येतात. मलाही तसंच वाटलं होतं.

म्हणून सुरुवातीलाच स्वतःची परीक्षा घेतली. शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन यांची व्होकॅब्युलरी लेव्हल्स टेस्ट इंटरनेटवर मिळते. सहा शब्द आणि तीन अर्थ दिलेले असतात, जोड्या लावायच्या, प्रत्येक पातळीला तीस प्रश्न. जूनमध्ये माझे ॲकॅडेमिक पातळीवर 22 आले, पाच हजारांच्या, म्हणजे जरा कमी वापरातल्या शब्दांच्या, पातळीवर 16. नोव्हेंबरमध्ये तीच टेस्ट पुन्हा दिली तर 29 आणि 22. फार आनंद झाला. पण त्याच आठवड्यात सरावाचा निबंध लिहून एका ओळखीच्या मॅडमना दाखवला, तर त्या म्हणाल्या, "शब्द तेच तेच येतायत गं तुझे." ते मनाला लागलं, कारण त्यांचं बरोबर होतं.

याच टेस्टचा एक दुसरा प्रकार आहे, लाउफर आणि नेशन यांनी 1999 मध्ये केलेला. त्यात वाक्य असतं आणि हव्या त्या शब्दाची फक्त पहिली दोन-तीन अक्षरं. उरलेला शब्द आपण लिहायचा. पातळीला अठरा प्रश्न. तिथे माझे विद्यापीठीय शब्दांच्या पातळीवर 9 आले. तीसातले एकोणतीस शब्द ओळखणारी मी अठरातले नऊच लिहू शकले. माझ्या आठ महिन्यांतली सगळ्यात महत्त्वाची माहिती या दोन आकड्यांत आहे. इंग्रजी शब्द बघून अर्थ आठवला की मी 'गुड' दाबत होते, आणि ॲन्की माझ्यावर विश्वास ठेवून ते कार्ड महिनाभर लांब टाकत होतं. रीडिंगला हे चालतं. रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये शब्दसंपत्तीला पाव गुण आहेत, आणि ते गुण शब्द तोंडातून किंवा हातातून बाहेर पडला तरच मिळतात.

तेव्हा डिसेंबरपासून कार्डं उलटी केली. पुढे मराठी वाक्य आणि त्याखाली शब्द झाकलेलं इंग्रजी वाक्य. अशा कार्डाला ॲन्कीत क्लोझ म्हणतात. उत्तर मोठ्याने म्हणायचं, शक्य असेल तर टाइप करायचं.

इथे मराठी माणसाची खरी गोची कळते. आपण अभ्यास करतो, प्रगती करतो, गुन्हा करतो, जागृती करतो, गरज पूर्ण करतो. एका 'करणे'वर आपलं घर चालतं. इंग्रजीत प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं. स्टडी कंडक्ट करतात, प्रोग्रेस मेक करतात, क्राइम कमिट करतात, अवेअरनेस रेझ करतात, नीड मीट करतात. यादीतून 'कमिट' म्हणजे 'वचन देणे' एवढंच शिकलं तर 'क्राइम'पाशी तो शब्द कधीच आठवणार नाही. रात्री जेवणं झाली की चौथीतला मुलगा फोन हातात धरायचा, मराठी वाक्य वाचायचा आणि मी इंग्रजीत बोलायचं. "आई, तू 'डू' म्हणालीस. इथे 'कमिट' लिहिलंय." मग तो न चुकता 'अगेन' दाबायचा. मी स्वतः दाबताना कधीतरी सूट घेत होते, त्याने एकदाही दिली नाही. कार्डं त्याच्या हाताखाली जास्त पक्की झाली.

वॉर्डातल्या इंग्रजीचाही एक वेगळा गठ्ठा करावा लागला. आम्ही दिवसभर 'इक्विपमेंट्स' म्हणतो, सेमिनारमध्ये 'रिसर्चेस' म्हणतो. दोन्हींना इंग्रजीत हे अनेकवचन लागत नाही, 'इन्फॉर्मेशन' आणि 'ॲडव्हाइस' यांनाही नाही. पेशंट एक्स्पायर झाला, असं आपल्याकडे प्रत्येक हॉस्पिटलात म्हणतात. रोजच्या इंग्रजीत एक्स्पायर होतात ती औषधं. नेहमी कानावर पडणारी चूक कार्डावर आणणं सगळ्यात अवघड गेलं, कारण ती चूक वाटतच नाही.

स्पेलिंगसाठी ॲन्कीचा टाइप करून उत्तर द्यायचा प्रकार जरूर वापरा. लिसनिंगच्या चाळीस प्रश्नांत शब्द बरोबर ऐकला आणि स्पेलिंग चुकलं, तर तो प्रश्न गेला. 'ॲकॉमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम, 'गव्हर्न्मेंट' आणि 'एन्व्हायरन्मेंट'मध्ये एमच्या आधी न ऐकू येणारा एन. एक कार्ड वारंवार, मुळात ठरलेल्या हिशेबाने आठ वेळा चुकलं की ॲन्की त्याला 'लीच' म्हणून खूण करतं. लीच म्हणजे जळू. माझ्या जळवा जोडीने यायच्या : 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल', 'सेन्सिबल' आणि 'सेन्सिटिव्ह'. अशी जोडी एकाच दिवशी शिकायला घेऊ नका. मी एकेकाला पंधरा दिवस बाजूला ठेवलं, तेव्हा कुठे सुटल्या.

ऑक्टोबरमध्ये मुलाला डेंगी झाला. अकरा दिवस ॲप उघडलं नाही. उघडलं तेव्हा 412 कार्डं वाट बघत होती आणि मला अक्षरशः रडू आलं. हा आकडा बघूनच लोक ॲन्की सोडतात, असं मला वाटतं. तुमच्यावर ही वेळ आली तर नवीन कार्डं शून्यावर आणा, रोज शंभर उजळा, बाकीच्या आकड्याकडे बघू नका. माझा ढीग साधारण दहा दिवसांत उतरला. ॲन्की पूर्ण सोडून देण्यापेक्षा ते दहा दिवस परवडले.

काही गोष्टी ॲन्कीने होत नाहीत, त्याही सांगते. रीडिंगच्या उताऱ्यात 'स्केअर्स' असतं आणि प्रश्नात 'शॉर्टेज'. ही उलटापालट ओळखायची नजर उतारे वाचूनच येते. मी आठवड्याला तीन उतारे घड्याळ लावून सोडवत होते. निबंध तर लिहावाच लागतो. दर रविवारी चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द, आणि त्यात त्या आठवड्याच्या कार्डांतले निदान पाच शब्द. ज्या शब्दाशी पेन अडलं, त्याचं कार्ड पुन्हा पहिल्यापासून. जानेवारीत अठरा प्रश्नांची ती टेस्ट दुसऱ्या आवृत्तीने दिली तेव्हा 14 आले.

जानेवारीच्या शेवटी परीक्षा दिली. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, स्पीकिंग 7, रायटिंग 6.5. रायटिंगला अर्धाच बँड वाढला. निबंधात 'प्लेथोरा' नव्हता, 'मीट द नीड्स' होतं, आणि ते लिहिताना मला विचार करावा लागला नाही.

जुना डेक ठेवला आहे, दिवसाला पंधरा-वीस कार्डं येतात. आता नोंदणीच्या पुढच्या टप्प्यांसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि मग तिथे जाऊन द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा यांसाठी, नवीन डेक उघडला आहे. त्यातलं पहिलं कार्ड 'ओटी'चं आहे. आपल्याकडे ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. तिथे थिएटरला नुसतं थिएटर म्हणतात, आणि ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे. पेशंटला ओटीकडे पाठवा म्हटल्यावर मी त्याला चुकीच्या मजल्यावर नेता कामा नये, म्हणून ते कार्ड सगळ्यात वर आहे.