नाशिकमधली महोत्सवाची हंगामी भरती: अर्ज सोपा, पैशांचं आधी विचारा

गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांत संगीत महोत्सव असला की तिकीट तपासणी, मनगटपट्टे, पार्किंग, फूड स्टॉल आणि बारसाठी दोन-तीन दिवसांची माणसं लागतात. ही भरती बहुधा मॅनपावर एजन्सीमार्फत होते.

अर्जाची पद्धत खरंच सुटसुटीत आहे: ऑनलाइन फॉर्म, आधार, फोटो, बँक तपशील. पैसे अडकतात ते मात्र इथेच. आधारवर पूर्ण नाव आणि पासबुकात आद्याक्षरं असली तर नाव जुळत नाही, म्हणून फॉर्म भरण्याआधीच दोन्ही ताडून घ्या. आयएफएससी कोडही जुना नको. बँकांच्या विलीनीकरणानंतर बरेच कोड बदललेत.

बारचं काम मागताना वय पाहा. महाराष्ट्रात वाईन-बिअरसाठी किमान वय २१ आहे, त्यामुळे बारवर ओळखपत्र तपासणं हेच मोठं काम. २१ च्या आतल्यांनी गेट किंवा पार्किंग मागावं.

रोज किती, जेवण धरून की वेगळं, पैसे किती दिवसांत, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्याच. तोंडी ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्या एजन्सीकडे जाऊच नये. उघड्यावरचे लाउडस्पीकर एरवी रात्री १० ला बंद होतात, पण आवराआवर पुढेही चालते. परतीची गाडी कोण देणार, तेही विचारा. तिथून उशिरा रिक्षा मिळणं कठीण.