ममदानी की कुओमो? घरभाडं आणि बस यांपुरता विचार

न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी 4 नोव्हेंबर 2025 ला मतदान होतं आणि इथल्या मराठी मतदारांपैकी बऱ्याच जणांचं तेव्हा ठरत नव्हतं. झोहरान ममदानी तेव्हा 34 वर्षांचे, 2021 पासून क्वीन्समधल्या अ‍ॅस्टोरियाचे आमदार. अँड्र्यू कुओमो दहा वर्षं राज्याचे गव्हर्नर होते. दोघांच्या आश्वासनांना मी एकच प्रश्न लावला: हे महापौराच्या हातात आहे का?

भाड्याच्या बाबतीत बऱ्यापैकी आहे. ‘रेंट स्टॅबिलाइज्ड’ (ज्यांची भाडेवाढ एक मंडळ ठरवतं अशा) घरांचं भाडं चार वर्षं वाढू देणार नाही, असं ममदानी म्हणत होते. अशी घरं सुमारे 10 लाख. भाडेवाढ ठरवणाऱ्या मंडळाचे नऊही सदस्य महापौरच नेमतो आणि 2015, 2016, 2020 मध्ये एक वर्षाच्या करारांवर शून्य वाढ झालेली आहे. जून 2025 मध्ये मंडळाने अशा करारांना 3 टक्के वाढ दिली. 2,000 डॉलर भाडं असेल तर वर्षाला 720 डॉलर जास्त. भीती आहे ती दुरुस्तीची. मुंबईत 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर बांधली गेली आणि मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली, ते गिरगावात आपण पाहिलंय. चार वर्षं म्हणजे काही दशकं नव्हेत, तरी जुन्या इमारती डागडुजीविना पडून राहणार नाहीत याची हमी ममदानींकडून मागायलाच हवी होती.

कुओमोंना उत्पन्नाची अट हवी होती. असं घर रिकामं झालं की ज्याच्या कमाईचा किमान 30 टक्के भाग भाड्यात जाईल, त्यालाच ते द्यायचं. मला हे पटत नाही. नर्स आणि शिक्षक असं साधं जोडपंही त्यातून बाहेर पडू शकतं.

तुमचं घर यात मोडतं का, हे आधी बघा. साधारणपणे 1974 पूर्वीची, सहा किंवा अधिक घरांची इमारत. करसवलत घेतलेल्या काही नव्या इमारतीही. राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे अर्ज केला की घराचा भाडे-इतिहास मिळतो. घर यात मोडत नसेल, तर तुमच्यासाठी नवी घरं किती होणार हे महत्त्वाचं. कुओमो दहा वर्षांत 5 लाख म्हणत होते. ममदानी 2 लाख, मुख्यतः सरकारी पैशातून. पण तेवढं कर्ज काढायला राज्याच्या विधिमंडळाचा होकार लागतो.

बसचंही असंच. ममदानींना बस वेगवान आणि मोफत हवी होती. 2025 मध्ये तिकीट 2.90 डॉलर होतं. तिकीट एमटीए या राज्याच्या वाहतूक संस्थेच्या हाती, त्यामुळे महापौराला ते एकट्याने बंद करता येणार नाही. 2023-24 मध्ये पाच मार्ग मोफत करून पाहिले, तेव्हा प्रवासी वाढले, वेग मात्र वाढला नाही. वेग येतो तो राखीव मार्गिकेने, आणि रस्ते शहराचे आहेत. म्हणजे आश्वासनाचा ‘वेगवान’ हा अर्धा भाग त्यांना खरोखर करता येईल, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. कुओमो फक्त कमी उत्पन्नवाल्यांना फुकट प्रवास देऊ म्हणत होते. खर्च कमी, पण अर्ज भरण्याची कटकट आली.

भाडं बांधलेल्या घरात राहणाऱ्यांनी ममदानींना मत द्यावं, असं माझं म्हणणं होतं. बाकीच्यांनी मतपत्रिका उलटून प्रस्ताव 2, 3 आणि 4 नीट वाचावेत, असंही. घरबांधणीच्या परवानग्या लवकर मिळाव्यात यासाठी ते होते. कुओमोंचा त्यांना पाठिंबा होता, ममदानींनी मतदानाच्या दिवसापर्यंत आपलं मत सांगितलेलं नव्हतं.