परसातील पक्ष्यांची खोली: पत्र्याची की विटांची?

घरामागे दहा-बारा फुटांची मोकळी जागा आहे, कॉकाटील आणि बजरीगर या लहान पोपटांच्या जोड्या ओसरीवरच्या पिंजऱ्यांत मावेनाशा झाल्या आहेत आणि आता त्यांच्या विणीसाठी स्वतंत्र खोली करावी असे मनाने घेतले आहे, अशा टप्प्यावर मराठवाड्यातील पक्षीपाळकापुढे बहुधा एकच प्रश्न उरतो: अँगलवर पत्रे टाकून शेड उभारावी की पाया खणून विटांची खोली बांधावी. परभणीतील आमच्या घरामागे मी दोन्ही प्रयोग केले आहेत. चार वर्षे शेड वापरली आणि नंतर तिच्याच शेजारी खोली बांधली. दोन्हींना ऊन, वारा आणि पाऊस एकच मिळाल्यामुळे तुलनेला थोडा तरी आधार आहे. मात्र मी तापमानाच्या नोंदी ठेवलेल्या नाहीत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते हाताला, कानाला आणि झोपेला जे जाणवले त्यावर बेतलेले आहे. पिंजऱ्यांची मापे, अंडी घालायला मडके चांगले की लाकडी पेटी, जोड्या सुट्या ठेवाव्यात की एकत्र, हे विषय वाचकाला ठाऊक आहेत असे धरून चालतो.

आणखी एक पर्याय काही घरांत तयारच असतो, तो म्हणजे माळवदाची, म्हणजे मातीच्या जाड छताची जुनी खोली. उन्हाळ्यात तिच्याइतका गारवा स्लॅबखालीही मिळत नाही, हे मान्य करावेच लागेल. परंतु माळवदाची माती वरून सतत झडते, जाड भिंतींच्या भेगांत उंदीर पिढ्यान्‌पिढ्या नांदतात आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात दगडमातीच्या भिंतींवरील अशाच जड छतांनी काय केले ते आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. त्या खोलीत रोज सकाळ-संध्याकाळ तास तास वावरायचे, या विचारानेच मी तो पर्याय सोडून दिला.

उन्हाचा मुद्दा सगळे सर्वांत आधी काढतात आणि तो खराही आहे, पण केवळ त्यावर निर्णय होतो असे मला वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की शेडमधील भांड्यातले पाणी दुपारी बोट बुडवताच चटका देते आणि पक्षी चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसतात. बजरीगर आणि कॉकाटील हे मुळात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील पक्षी असल्यामुळे सावली, हवा आणि पाणी मिळाले तर मोठे पक्षी हा काळ काढतात. अडचण अंड्यांची आणि पिलांची होते. अंडी उबायला साधारण साडेसदतीस अंश उष्णता लागते आणि पेटीतील हवाच त्याहून तापली तर मादीने बसून करायचे तरी काय? ती बाहेर येते आणि वीण वाया जाते. म्हणून मी पाडव्यानंतर पेट्या उतरवतो आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा चढवतो. हा क्रम शेडमध्ये होता तोच विटांच्या खोलीतही ठेवला आहे. उलट स्लॅब दिवसभर पिऊन घेतलेले ऊन मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो, तर पत्रा सूर्य मावळल्यावर तासाभरात गार होतो. दुपार विटांची आणि रात्र पत्र्याची, असा हा हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. स्लॅबवर दर फाल्गुनात चुन्याचे दोन हात मारल्यापासून तो विटांकडे थोडासा झुकला आहे, इतकेच म्हणता येईल.

थंडीत मात्र फरक स्पष्ट आहे. परभणीचा पारा एखाद्या हिवाळ्यात पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि अशा पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने दव धरून ते थेंब थेंब पेट्यांवर पडते. विटांच्या खोलीत मला पिलांच्या पेटीशेजारी बल्ब लावावा लागलेला नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय केला तिच्याकडे वळतो. शेड उभारताना ती माझ्या डोक्यातही नव्हती आणि वेल्डिंगवाल्याच्या तर नव्हतीच. ती गोष्ट म्हणजे पत्र्याचा आवाज.

कॉकाटील पाळणाऱ्यांना रात्रीची घबराट परिचित असते. गडद अंधारात अचानक काही वाजले की हा पक्षी एकदम उसळतो, दांडी दिसत नसल्यामुळे पिंजऱ्याच्या चारही बाजूंना धडकत राहतो आणि एकाने सुरुवात केली की शेजारच्या पिंजऱ्यांतील सगळे त्याच्यामागे उठतात. बजरीगर त्यामानाने धीराचे असतात. तुमच्याकडे फक्त बजरीगर असतील तर पुढचे दोन परिच्छेद थोडे सौम्य करून वाचावेत. पण पत्रा हे आवाजाचे कोठारच आहे. ऊन चढताना तो प्रसरण पावतो तेव्हा हुकांच्या जागी टण्णकन वाजतो आणि रात्री आकसताना पुन्हा वाजतो. पाखरांना या आवाजाची सवय होते, असे मी म्हणेन. वळवाच्या टपोऱ्या थेंबांची होत नाही, गारांची तर नाहीच नाही. आणि मांजराची अजिबात होत नाही.

आमच्या शेडवर लिंबाची एक फांदी आलेली होती आणि गल्लीतील एका बोक्याचा रात्रीचा रस्ता त्याच फांदीवरून पत्र्यावर उतरत असे. मार्चमधील एका रात्री, दोनच्या सुमारास, त्याने उडी टाकली. वर एकच दणका झाला आणि लगेच खालून कोणी एकाच वेळी दहा सुपांनी धान्य पाखडावे तसा आवाज सुरू झाला. बॅटरी घेऊन धावलो तेव्हा पांढऱ्या कॉकाटीलच्या पंखातील नवे, अजून रक्त भरलेले पीस मुळाशी मोडलेले होते आणि पिंजऱ्यामागच्या फळीवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडालेले होते. चिमटीत पीस धरून, हळद दाबून रक्त थांबवण्यात अर्धा तास गेला. त्या गडबडीत कडेच्या पेटीतील मादी बाहेरच राहिली आहे, हे माझ्या लक्षात आले नाही. अंधारात तिला भोक सापडले नसावे. सकाळी तिची पाच अंडी गार लागली. दोन दिवसांपूर्वी बॅटरीसमोर धरल्यावर त्यांत तांबड्या शिरांचे जाळे स्पष्ट दिसले होते, म्हणजे आत पिले वाढत होती. त्यानंतर चार दिवस वाट पाहिली, पण जाळे पुढे सरकले नाही. आईने दारातूनच ऐकवले, "आरं, ह्या पत्र्याखाली माणसायलाच झोप लागंना, पाखरायला कशी लागंल?"

त्यानंतर मी जे उपाय केले ते शेड पसंत करणाऱ्यांच्या कामी यावेत म्हणून सांगतो. फांदी तोडली, तेव्हा बोका कंपाउंडच्या भिंतीवरून येऊ लागला. पत्र्यावर कडब्याचा थर दिला, तेव्हा आवाज खरोखर निम्म्यावर आला आणि दुपारचे ऊनही तुटले, पण पंधरा दिवसांत कडब्यात उंदरांनी घर केले आणि वैशाखात वाळलेला कडबा पाखरांच्या डोक्यावर ठेवून झोपणे मला जमेना. आतून थर्माकोल लावला तर पक्ष्यांच्या चोचीपासून तो दूर ठेवावा लागतो, कारण हाती लागला की ते त्याचा भुगा करतात. सर्वांत उपयोगी ठरला तो रात्रभर जळणारा झिरोचा बल्ब. मंद उजेडात घाबरलेल्या पक्ष्याला दांडी आणि पेटीचे भोक तरी दिसते. मात्र वादळाच्या रात्री, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, आपल्याकडे वीज जाते. म्हणून बॅटरीवर चालणारा दिवा घ्यावा. एवढे सगळे करूनही पत्र्याखाली मी कधी निर्धास्त झोपलो नाही. रात्री काही खुट्ट झाले की मी पाखरांच्या आधी उठून बसलेला असे.

स्लॅबवर तोच बोका आजही फिरतो. आत कोणाला पत्ताही लागत नाही.

अर्थात विटांच्या खोलीने मला सुखाने वागवले असे कोणी समजू नये. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वरवर पाया घेतला तर दोन वर्षांत भिंतीला तिरकी तडा गेलीच म्हणून समजा. आमच्या परसात मुरूम लागेपर्यंत साडेचार फूट खणावे लागले आणि गवंडी म्हणाला त्याप्रमाणे जोत्यात पुन्हा मुरूमच भरून घ्यावा लागला. एवढ्या छोट्या खोलीसाठी जमिनीखाली गेलेला पैसा पाहून घरात बरीच चर्चा झाली. चार अँगल काँक्रीटमध्ये रोवून उभ्या केलेल्या शेडला ही कटकट फारशी नसते, कारण जमीन थोडी हलली तरी लोखंड ते सोसून घेते. एकूण खर्च मला शेडच्या जवळजवळ अडीचपट आला. तुमच्याकडे मुरूम वरच लागत असेल तर हे अंतर बरेच कमी होईल.

दुसरी तक्रार धुळीची. कॉकाटीलच्या अंगातून पिठासारखी पांढरी भुकटी सतत झडते. तीन बाजूंनी जाळी असलेल्या शेडमध्ये ती वाऱ्याबरोबर निघून जाते, पण विटांच्या खोलीत ती पेट्यांवर, बल्बवर आणि आपल्या छातीत साठते. पहिल्या हिवाळ्यात मला कोरडा खोकला लागला, तो पंखा बसवल्यावरच गेला. म्हणून खोली बांधायचीच तर पूर्वेला मोठी जाळीची खिडकी, भिंतीत जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा आत येण्यासाठी झरोका आणि समोरच्या भिंतीत छताजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा, एवढे गवंड्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. नंतर भिंत फोडणे त्रासाचे होते. पश्चिमेकडे मोठी उघडी जागा ठेवू नये, कारण दुपारनंतरचे ऊन आणि पावसाळ्याचा मारा दोन्ही तिकडूनच येतात.

उंदीर, साप आणि मुंग्या यांच्याबाबतीत फार लिहिण्याची गरज नाही. अर्ध्या इंची जाळीतूनही उंदराचे पिलू आत शिरते आणि दाण्याच्या वासाने आलेल्या उंदरामागे साप येतो. शेडच्या मातीच्या जमिनीत बिळे बुजवण्यातच माझे रविवार जात. खोलीत कोबा केला, त्याला मोरीकडे उतार दिला आणि ते काम संपले. नवी गॅल्व्हनाइज्ड जाळी दोन्हीकडे लागतेच. तिच्यावरील जस्ताचे सुटे कण पक्ष्यांना विषारी असतात, तेव्हा ती व्हिनेगर लावून ब्रशने घासावी, धुवावी आणि मगच बसवावी. दोन दारांची देवडी मात्र दोन्हीकडे करावी. बाहेरचे दार लागल्याशिवाय आतले उघडायचे नाही, हा नियम मी तीन पक्षी उडून गेल्यावर शिकलो.

शेडच्या बाजूने एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ज्यांची नोकरी बदलीची आहे, जे भाड्याच्या घरात राहतात किंवा ज्यांचा हा छंद अजून एक वर्षाचाही झालेला नाही, त्यांनी शेडच उभारावी असे मी सुचवेन. ती नटबोल्ट खोलून दुसऱ्या गावी नेता येते आणि हौस फिटली तर भंगारात निदान निम्मे पैसे परत मिळतात. विटांची खोली रिकामी झाली की ती अडगळीची खोली होते. ज्यांच्याकडे केवळ बजरीगर किंवा झेब्रा फिंच हे चिमणीसारखे छोटे पक्षी आहेत आणि शेडवर ना झाड येते ना शेजारची भिंत, त्यांनाही जादा खर्चाचा तितकासा मोबदला मिळेलच असे नाही. मात्र कॉकाटीलची वीण घ्यायची असेल, घर स्वतःचे असेल आणि गल्लीत मांजरे असतील, तर मी पुन्हा शेडच्या वाटेला जाणार नाही.

काम सुरू करण्याआधी पक्ष्यांची यादीही तपासून घ्यावी. आपला देशी पोपट आणि मुनिया यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे ते पाळता येत नाहीत, मग खोली कसलीही असो. बजरीगर, कॉकाटील आणि झेब्रा फिंच यांची अडचण नाही. परंतु फिशर लव्हबर्ड किंवा सन कन्युअर अशा परदेशी पोपटांच्या जाती ठेवायच्या असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पिलांचीही नोंद ठेवावी लागते.

विटांचे ठरलेच तर काम दिवाळीनंतर लगेच काढावे. उन्हाळ्यात बांधकाम केले तर गिलाव्यावर पाणी मारायला बोअरला पाणी नसते, टँकर घ्यावा लागतो आणि तहानलेला गिलावा पुढच्या वर्षी सोलपटून निघतो. कार्तिकात पाया घेतला तर संक्रांतीपर्यंत छत पडते, होळीपर्यंत रंगाचा वास पूर्ण जातो आणि मृगाला पेट्या चढवताना खोली कोरडी मिळते. जुनी शेड मी पाडलेली नाही. नवीन आणलेले पक्षी पहिला महिनाभर तिथे वेगळे ठेवतो. त्या महिन्यात दिवा चार्ज करून ठेवण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे.