तांदा की ४०१के?
ऑफिसातला मेक्सिकन मित्र, घरात अमेरिकेत जन्मलेला पहिलाच, विचारत होता पैसे तांदात टाकू की ४०१केत, म्हणजे नोकरीतून निवृत्तीसाठी साठवायच्या अमेरिकन खात्यात. तांदा म्हणजे आपली भिशीच हो, १० जण आठवड्याला १०० डॉलर, पाळीपाळीने एकेकाला १०००, व्याज शून्य पण क्रेडिट स्कोअरची कटकट नाही आणि आईची मैत्रीण दारात उभी राहिली की हप्ता चुकवायची टाप नाही. ४०१केत कंपनी मॅच देत असेल, म्हणजे आपण टाकलेल्या पैशांवर स्वतःची भर घालत असेल, तर ते सोडणं येडेपणाच. फक्त वयाच्या साडेएकोणसाठच्या आधी पैसे काढले तर बहुतेकदा टॅक्स अन वर १० टक्के दंड, मग वडिलांचा ट्रक उद्या बंद पडला तर? म्हटलं मॅचपुरतं तिकडे टाक, उरलेलं तांदात, नंबर मात्र लवकरचा माग.