मापाचे ए.एफ.ओ. : जळगावातील एका कार्यशाळेचा अनुभव

माझ्या चार वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याचा विकार, आहे. तिच्या पोटऱ्या ताठ असल्यामुळे ती चवड्यांवर चालते आणि टाच टेकावी म्हणून तिला तळपायापासून पोटरीपर्यंतचा प्लास्टिकचा आधार, म्हणजे ए.एफ.ओ., घालावा लागतो. पहिला जोड आम्ही तयार मापाचा घेतला होता. त्यात तिची टाच बसतच नव्हती, त्यामुळे तो महिनाभरात कपाटात गेला.

दुसरा जोड फाल्गुनात जळगावातील एका कार्यशाळेत मापाने करून घेतला. तेथील तंत्रज्ञांनी तिला माझ्या मांडीवर बसवून तिचा गुडघा वाकवला आणि "ताई, घाई नको, ती निवांत झाली की मगच पट्टी लावू," असे म्हणून ते खरोखरच थांबले. पोटरी सैल पडल्यावर तळपाय काटकोनात धरून त्यांनी प्लास्टरची पट्टी गुंडाळली. पाऊल खाली झुकलेले असताना साचा घेतला, तर तोच झुकाव आधारात उतरतो, कारण पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा तापवलेला पत्रा त्या साच्यातून काढलेल्या पायाच्या प्रतिकृतीवरच चढवतात. म्हणून त्या थांबण्याचे मोल मला सर्वाधिक वाटते.

जोड देताना त्यांनी तो अर्धा तास घालून ठेवला आणि मग काढून त्वचा पाहिली. डाव्या घोट्याच्या हाडावरची लाली वीस मिनिटांनंतरही गेली नाही, तेव्हा तेवढा भाग गरम करून तिथल्या तिथे बाहेर फुगवून दिला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

उन्हाळ्याविषयी मात्र त्यांनी काहीच सांगितले नाही. खान्देशात वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पाय आत घामाने भिजून त्वचा सोलवटते. पातळ सुती, गुडघ्यापर्यंतचे मोजे दिवसातून तीनदा बदलावेत, हे आम्हाला पुरळ उठल्यावर कळले. वेल्क्रोच्या पट्ट्याही चार महिन्यांत सैल झाल्या.

खरी अडचण जिन्याची आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, तरी ही कार्यशाळा पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. तिचे बाबा तिला उचलून नेतात, पण त्या दिवशी एक आजी आपल्या दहा-अकरा वर्षांच्या नातवाला पायरीपायरीने ओढत वर आणत होत्या. तळमजल्यावर माप घेण्यापुरती एक खुर्ची ठेवावी, अशी विनंती मी तेथे केली आहे. वाढत्या पायासाठी वर्षभरात पुन्हा माप द्यावे लागेल, तेव्हा आम्ही तेथेच जाणार आहोत.