जुन्या मतदारसंघाची जुजबंदी

नाशिकच्या मेन रोडवरून भद्रकालीकडे उतरताना डाव्या हाताला एक बोळ लागतो. रिक्षा शिरत नाही इतका अरुंद. त्यातलं तिसरं दुकान बाइंडिंगचं. पाटीवरचा रंग उडालाय, पण 'बाइंडिंगवाले चाचा' म्हटलं की कोणीही बोट दाखवतं. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून एक पुस्तक बांधून घेतलं. काम इतकं मनासारखं झालं की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी पुस्तक कसलं ते सांगतो. मी कळवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं मास्तरकी केली. २०११ ला निवृत्त होऊन नाशकात इंदिरानगरला राहायला आलो. १९८९ पासून २००४ पर्यंत लोकसभेच्या सहा निवडणुका झाल्या, सहाही वेळा माझी ड्यूटी लागली आणि सहाही वेळा मतदारसंघ एकच, मालेगाव. आज तो मतदारसंघ नकाशावर नाही. सुनेला सांगितलं तर तिला वाटलं मी विधानसभेबद्दल बोलतोय. तेव्हा ठरवलं की जे हाताशी आहे ते एकत्र करायचं. ड्यूटीचे आदेश आणि वर्तमानपत्रांची कात्रणं घरात होतीच. निवडणूक आयोगाचे जुने निकाल-अहवाल संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, त्यातली मालेगावची पानं काढली. वर परिसीमन आयोगाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या आयोगाच्या, आदेशातली नाशिक जिल्ह्याची पानं.

पहिल्यांदा घराजवळच्या एका दुकानात छापून स्पायरल करून घेतलं. उमेदवारांची नावं आली आणि उजवीकडचा मतांचा रकाना कापला गेला. दाखवलं तर "एवढं चालतं काका" म्हणाले. निकालाच्या कागदावरून मतंच गेली तर उरलं काय? तो गठ्ठा तसाच उचलला आणि चाचांकडे गेलो.

त्यांनी सगळी पानं एकेक करून पाहिली. मग म्हणाले, "सुटे कागद चिकटवून देतो, स्वस्तात होईल, पण दोन वर्षांत पानं गळतील. टिकवायचं असेल तर ए-थ्रीवर छापून आणा, जुजबंदी करू." ए-थ्रीचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानांचा एक जुज होतो. माझी २०८ पानं, म्हणजे तेरा जुज. प्रत्येक जुज घडीवर दाभणाने टोचून मेणाच्या दोऱ्याने शिवायचा आणि पुढचा त्याला अडकवायचा. मी तासभर बाकड्यावर बसून बघत होतो. खळ ते घरीच शिजवतात, मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद. त्याने कसर लागत नाही.

जुने आदेश दुमडता येणार नव्हते, म्हणून त्यांच्या कडेला कागदाची पट्टी लावून ती शिवणीत घेतली. १९९९ चा आदेश हातात आला तेव्हा चाचा थांबले. त्यावर लाखेचा लाल ठिपका आहे. त्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या, मतपत्रिका दोन, लोकसभेची पांढरी आणि विधानसभेची गुलाबी. पेट्या सील करताना मेणबत्ती माझ्या हातून कलली आणि लाख कागदावर सांडली. चाचांनी त्या पानावर बटरपेपरचा तुकडा बसवला, लाख समोरच्या पानाला चिकटू नये म्हणून. मी सांगितलं नव्हतं.

तो काळ कसा होता बघा. १९९६, १९९८, १९९९, साडेतीन वर्षांत तीन लोकसभा. मालेगावने तिन्ही वेळा वेगळा पक्ष निवडला. ९६ ला भाजपचे कचरू भाऊ राऊत, ९८ ला काँग्रेसचे झामरू मंगळू कहांडोळे, ९९ ला जनता दल सेक्युलरचे हरिभाऊ महाले. आणि २००४ ला पुन्हा भाजप, हरिश्चंद्र चव्हाण. इथला मतदार एकगठ्ठा कोणाच्याही मागे जातो असं म्हणणाऱ्यांना मी ही चार पानं सलग वाचायला देतो. कहांडोळे आणि महाले ही तर दोन पिढ्यांची जोडी. महाले १९७७ च्या जनता लाटेत आले, १९८० ला कहांडोळे. ८४ ला काँग्रेसचेच सीताराम भोये. ८९ ला महाले परतले, ९१ ला कहांडोळे परतले. ८९ ची माझी पहिली ड्यूटी. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आल्यानंतरची ती पहिलीच लोकसभा. माझ्याच हाताखाली सातवी झालेली पोरं बोटाला शाई लावून घ्यायला रांगेत उभी होती. त्यातल्या एकाने टेबलापाशी येऊन आधी नमस्कार केला आणि मग चिठ्ठी पुढे केली. मला तेव्हा फार भरून आलं होतं.

सुरुवातीचा काळ मी पाहिलेला नाही, फक्त कागदावर वाचला. १९५७ ला प्रजासमाजवादी पक्षाचे यादव नारायण जाधव निवडून आले, हे पान चाचांनी स्वतःहून मोठ्याने वाचलं. चाचा मूळचे मालेगावचे. वडिलांचे यंत्रमाग होते. "आमच्या गावाच्या नावाचा खासदार होता, हे आमच्या पोरांना खरंच माहीत नाही," म्हणाले.

मग पुठ्ठ्यावर काय घालायचं हा प्रश्न आला. 'मालेगाव लोकसभा मतदारसंघ' हे ठरलेलं. सुरुवात १९५७. पण शेवट कुठला? चाचांना कण्यावर सोनेरी ठसे मारायचे होते आणि मी बोलेना. शेवटची निवडणूक २००४ ची. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून आखलेल्या नव्या सीमा फेब्रुवारी २००८ मध्ये लागू झाल्या, तेव्हा मतदारसंघ कायद्याने संपला. पण चव्हाण मालेगावचे खासदार म्हणून चौदावी लोकसभा विसर्जित होईपर्यंत, म्हणजे मे २००९ पर्यंत बसलेच होते. मतदारसंघ गेला तरी त्याचा माणूस सभागृहात होता. शेवटी २००९ घातलं. माणूस आहे तोवर गाव आहे, असं चाचा म्हणाले आणि मला ते पटलं.

मालेगावचं पुढे काय झालं, तेही आदेशाच्या पानांत आहे. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेला जोडले गेले. आमचा कळवण नव्या दिंडोरीत गेला. दिंडोरीत चांदवड, निफाड, येवला, नांदगावही आले. म्हणजे सुरगाण्याची डोंगरातली भातशेती आणि येवल्याची पैठणी एका खासदाराकडे. मालेगावसारखंच दिंडोरीही अनुसूचित जमातींसाठी राखीव राहिलं, तर आधी राखीव असलेलं धुळे खुलं झालं. जिल्ह्याच्या विधानसभा पंधरा आहेत. सहा दिंडोरीला, सहा नाशिकला, तीन धुळ्याला. त्या तीन मतदारसंघांतल्या माणसाला जिल्हाधिकारी नाशिकचा आणि खासदार धुळ्याचा. माझं यावर मत स्पष्ट आहे. लोकसंख्या सारखी करायला रेषा हलवाव्याच लागतात, पण मालेगावसारखं शहर जिल्ह्यातल्या लोकसभेतून काढायला नको होतं. दाभाडी आणि सुरगाणा ही विधानसभेची नावंही तेव्हाच गेली. दाभाडीचं मालेगाव बाह्य झालं, सुरगाणा कळवणात आलं.

आता दुकानाबद्दल. पुठ्ठा जाड, कडा हाताने घासलेल्या. वरचं कापड चाचांनी मालेगावच्या मागावरचं कोरं ग्रे कापड लावलं, रेक्झिनपेक्षा ते हाताला बरं लागतं. पुस्तक टेबलावर सपाट उघडतं, मधल्या पानावरही हात ठेवावा लागत नाही. मतांचे रकाने शेवटच्या आकड्यापर्यंत शाबूत. मजुरी साडेसहाशे रुपये, छपाई वेगळी. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सांगितलेल्या आठ दिवसांचे बारा होतात, त्यामुळे लग्नाच्या अल्बमसारखं घाईचं काम असेल तर आधीच बोला. आणि ऑनलाइन पैसे घेत नाहीत, रोख न्या. शुक्रवारी दुपारी बंद असतं.

छपाई करून नेताना शिवणीच्या बाजूला बोटभर समास सोडा, जुन्या कागदांना टाचण्या असतील तर घरीच काढा. माझ्या १९९६ च्या आदेशावर टाचणीचा गंज उमटलाय, तो आता जात नाही.

पुस्तक घरी आणून चाळलं तेव्हा मागे सोळा कोरी पानं दिसली. तेरा जुज ठरले होते, चौदावा त्यांनी स्वतःहून शिवला होता. फोन करून विचारलं तर म्हणाले, "गुरुजी, सीमा परत बदलतील ना? लिहायला जागा असू द्या." पैसे त्याचे घेतले नव्हते. पहिल्या कोऱ्या पानावर मी २०२४ चा धुळ्याचा निकाल उतरवला: काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी विजयी. इतर पाच विधानसभांत मागे राहूनही त्यांना तारलं ते मालेगाव मध्यच्या आघाडीने. पुढच्या वेळी मेन रोडला गेलो की हे पान चाचांना दाखवायला न्यायचं आहे.